एक घर, दोन बिऱ्हाडं: टेक्सासच्या एचओएवाल्या सबडिव्हिजनमध्ये घर भाड्याने देताना

ह्यूस्टनच्या आजूबाजूला केटी, सायप्रस, पेअरलँड, शुगर लँड, कुठेही बघा, आपल्या लोकांनी चार-पाच बेडरूमची घरं घेऊन ठेवलीयत आणि नोकरी डॅलसला हलली किंवा मंडळी कायमची पुण्याला परतली की ते घर भाड्याने निघतं. मग हिशोब मांडला की लक्षात येतं, मॉर्गेज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स आणि एचओएची (कॉलनीतल्या घरमालकांच्या असोसिएशनची) फी धरून एका फॅमिलीच्या भाड्यात काही भागत नाही. नेमकं तेव्हाच कोणीतरी विचारतं, आम्ही दोन फॅमिली मिळून घेतो, ते खाली राहतील आम्ही वर, किचन कॉमन, भाडं अर्धं अर्धं. द्यायचं का?

बऱ्याचदा देता येतं. पण येतं की नाही हे एचओएच्या मॅनेजरला फोन करून कळत नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून तर अजिबातच नाही, कारण ते तुमच्या घराच्या डीड रिस्ट्रिक्शनमधल्या, म्हणजे घराच्या वापरावर काउंटीत नोंदवलेल्या अटींमधल्या, एखाद-दोन वाक्यांवर ठरतं आणि रस्त्यापलीकडच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, ती वाक्यं वेगळी असू शकतात. मी वकील नाही, भाड्याने घर देणारा साधा माणूस आहे, आणि हे सगळं टेक्सासपुरतं लिहितोय. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियावाल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. आपल्या मनात पुण्या-मुंबईच्या सोसायटीची एनओसी असते, म्हणजे सेक्रेटरीला भेटायचं, तो बॅचलर नको म्हणाला तर चहा पाजून समजवायचं. इथे बरोबर उलटं आहे. भाडेकरू कोण असावा हे एचओए ठरवू शकत नाही, पण काउंटीत रेकॉर्ड झालेलं रिस्ट्रिक्शन जमिनीला चिकटलेलं असतं, मालक बदलला तरी ते जात नाही, आणि प्रेसिडेंट तुमचा कितीही मित्र असला तरी एखादा नाराज शेजारी स्वतः कोर्टात जाऊ शकतो. ह्यूस्टनमध्ये तर त्याला अजूनच वजन आहे. शहराला झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं आणि चालवायचं याचा शहराचा नियम, नाही, १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा मतदान झालं आणि तिन्ही वेळा लोकांनी नको म्हटलं, त्यामुळे घराशेजारी गॅरेज किंवा गोडाऊन होऊ नये हे काम डीड रिस्ट्रिक्शनच करतात. काही बाबतीत सिटीचं लीगल डिपार्टमेंट स्वतः केस टाकतं. शुगर लँड, पेअरलँड, बेलेअर ही वेगळी शहरं, त्यांचं स्वतःचं झोनिंग आहे, तिथे दोन थर तपासायचे. सायप्रस किंवा केटीकडचा बराचसा भाग कुठल्याच शहरात नाही, तिथे सगळा खेळ त्या डीडवरच.

तर पहिलं काम, कागद काढा. एचओएने दिलेलं वेलकम पॅकेट म्हणजे कागद नव्हे. घर घेताना टायटल कमिटमेंट (टायटल कंपनीचा मालकीबद्दलचा कागद) मिळालं होतं ना, त्यातलं शेड्यूल बी उघडा, पहिल्याच आयटममध्ये रिस्ट्रिक्शनचे रेकॉर्डिंग नंबर असतात. ते नंबर घेऊन हॅरिस किंवा फोर्ट बेंड काउंटी क्लार्कच्या साइटवर शोधायचं. एकच डॉक्युमेंट मिळालं म्हणून थांबू नका, मूळ डिक्लेरेशन (रिस्ट्रिक्शनचा मुख्य कागद), तुमच्या सेक्शनचं सप्लिमेंट, नंतरच्या अमेंडमेंट्स आणि लीझिंग पॉलिसी किंवा रूल्स नावाचं काही असेल तर तेही काढा. माझ्या बघण्यात अशी सबडिव्हिजन आहे की सेक्शन दोनमध्ये भाड्याबद्दल चकार शब्द नाही आणि सेक्शन पाचमध्ये पूर्ण पान आहे. एचओए कोण, मॅनेजमेंट कंपनी कोण हे hoa.texas.gov या टेक्सास सरकारच्या साइटवरून कळतं, तिथे ट्रेकच्या (टेक्सास रिअल इस्टेट कमिशनच्या) डेटाबेसमध्ये एचओएला आपलं सर्टिफिकेट टाकावं लागतं.

जुन्या ह्यूस्टनमधलं घर असेल तर टाइपरायटरवर टाइप केलेल्या पानांचे स्कॅन मिळतात, त्यात सर्च चालत नाही, डोळे फोडून वाचावं लागतं. वाचताना एखादं कलम असंही येतं की गोऱ्यांशिवाय कोणी या लॉटवर राहायचं नाही, घरकाम करणारे नोकर सोडून. दचकू नका, १९४८ सालीच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने असली कलमं कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत असं सांगितलंय. पण त्याच्याच खाली गॅरेजवरची खोली फक्त नोकरांसाठी असं लिहिलेलं असतं ते मात्र वाचून ठेवा, कारण ती गॅरेज अपार्टमेंट वेगळी भाड्याने देणारे तिथेच अडकतात.

नवीन सबडिव्हिजनचे कागद पन्नास-साठ पानांचे सहज असतात. लीज, रेंट, फॅमिली, ऑक्युपन्सी, रेसिडेन्शियल हे शब्द शोधा आणि ती वाक्यं एका जागी कॉपी करून घ्या. आता खरं काम. ते वाक्य इमारतीबद्दल बोलतंय की राहणाऱ्यांबद्दल, हे बघायचं. लॉटवर एक सिंगल फॅमिली ड्वेलिंगच (एका कुटुंबाचं घरच) बांधता येईल, एवढंच लिहिलं असेल तर ते बांधकामाबद्दल आहे. घर फक्त रेसिडेन्शियल पर्पजसाठी वापरायचं असं असेल तर तिथे माणसं राहतात, जेवतात, झोपतात, म्हणजे झालं. पण घरात फक्त एकच फॅमिली राहील आणि फॅमिली म्हणजे अमुक अमुक, असं लिहिलं असेल तर विषय संपला, ते सरळ वापराबद्दल आहे.

हा फरक नुसता शब्दच्छल नाही, २०१८ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टाने यावरच निकाल दिलाय, टार विरुद्ध टिंबरवुड पार्क. सॅन अँटोनिओमधला घरमालक, नोकरी ह्यूस्टनला हलली, त्याने घर व्हीआरबीओवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायच्या साइटवर, टाकलं आणि काही महिन्यांत ३१ वेळा भाड्याने दिलं. एचओए म्हणाली हा धंदा झाला, शिवाय एका वेळी दहा-दहा माणसं, वेगवेगळ्या फॅमिलीतली. कोर्टाने डिक्लेरेशन समोर ठेवून सांगितलं की यातलं सिंगल फॅमिली हे बिल्डिंग कशी असावी याबद्दल आहे, आत कोण राहतंय याबद्दल नाही, आणि जे लिहिलेलंच नाही ते आम्ही वाचणार नाही. २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या एका टाउनहोम असोसिएशनच्या केसमध्ये परत तीच भूमिका घेतली.

आता हे वाचून लोक खूश होतात आणि लगेच दोन बिऱ्हाडं घालतात. थांबा. तो निकाल त्या डिक्लेरेशनच्या शब्दांवर आहे. त्यानंतर अनेक असोसिएशननी अमेंडमेंट करून स्पष्ट लिहून टाकलंय, की घर भाड्याने द्यायचं तर पूर्ण द्यायचं, खोली किंवा भाग वेगळा देता येणार नाही, किमान सहा महिने किंवा वर्षाचं लीज हवं, वगैरे. असं स्वच्छ लिहिलेलं असेल तर टार केस तुमच्या काही कामाची नाही.

आणि फॅमिलीची व्याख्या असेल तर ती दोनदा वाचा, कारण आपल्या लोकांची खरी गंमत तिथे आहे. नेहमीची व्याख्या अशी असते, रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याने जोडलेले कितीही लोक, किंवा नातं नसलेले जास्तीत जास्त दोन, तीन, जे काय असेल ते. म्हणजे दोन सख्खे भाऊ, त्यांच्या बायका, पाच मुलं आणि भारतातून आलेले आईवडील, एकूण अकरा माणसं, ही एक फॅमिली झाली. आणि एकाच ऑफिसातले दोन मित्र, दोघांच्या बायका आणि एकेक मूल, माणसं सहाच, पण दोन फॅमिली. मित्रांच्या बाबतीत मोजायचं कसं, सहा जण की दोन गट, यावर व्याख्येत बऱ्याचदा काहीच नसतं आणि वाद तिथूनच सुरू होतो. अशा वेळी एक तासाची फी भरून रिअल इस्टेटच्या वकिलाकडून लेखी मत घ्या, ते स्वस्त पडतं. शहराच्या झोनिंगमध्येही अशी व्याख्या असू शकते आणि ती ठेवायला शहरांना साधारणपणे मुभा आहे, १९७४ च्या बेल टेअर केसमध्ये लाँग आयलंडवर सहा स्टुडंट्सनी घर भाड्याने घेतलं होतं आणि गावाचा नियम होता नातं नसलेले दोनच, सुप्रीम कोर्टाने गावाची बाजू घेतली. तीनच वर्षांनी ओहायोतल्या एका आजीबाईंच्या केसमध्ये मात्र, नातू एकमेकांचे चुलत भाऊ आहेत म्हणून ते आजीची फॅमिली नाहीत असं म्हणणारा शहराचा नियम टिकला नाही.

समजा कागद तुमच्या बाजूचा निघाला. आता लीज कसं करायचं. माझं स्पष्ट मत, एकच लीज करा, दोन्ही घरच्या सगळ्या अठराच्या वरच्या माणसांची नावं आणि सह्या त्यात घ्या, आणि पूर्ण भाड्याला सगळे मिळून आणि प्रत्येक जण एकेकटा जबाबदार, हे कलम ठेवा. दोन वेगळी लीज केली की तुम्हीच लेखी कबूल करता की घराचे दोन भाग पाडलेत, जिथे भाग वेगळा देऊ नये असं लिहिलंय तिथे हाच कागद तुमच्या विरुद्ध जातो. शिवाय वेगळी लीज असली आणि खालचे निघून गेले तर त्यांचं भाडं तुमच्या खिशातून, एकत्र लीज असलं तर वरचे स्वतःच धावपळ करून दुसरं कोणी शोधतात. एक फॅमिली मध्येच गेली तर काय, बदली माणसाला लीजमध्ये कसं घ्यायचं, डिपॉझिट कोणाचं, हे आधीच लिहून ठेवा. टेक्सासमध्ये घर सोडून नवा पत्ता लेखी दिल्यापासून ३० दिवसांत डिपॉझिट परत करावं लागतं किंवा कापल्याची यादी द्यावी लागते, पण सहा जणांपैकी चौघेच गेले तर घर सोडलेलंच नसतं, आणि गेलेला माणूस तुम्हाला रोज मेसेज करत राहतो. त्यामुळे लीजमध्ये लिहा की डिपॉझिट शेवटचा भाडेकरू गेल्यावर निघेल, आपसात काय ते आपसात बघा. आणि पोटभाडेकरू ठेवायचा नाही हेही, कारण एकदा दोन बिऱ्हाडं आली की तिसऱ्याचा भाचा मास्टर्स करायला येतो आणि गेम रूममध्ये गादी पडते.

घराला हात लावू नका, हे मात्र ठासून सांगतो. वर दुसरं किचन, मागून वेगळा दरवाजा, वेगळा मीटर, गॅरेज बंद करून खोली, यातलं काहीही केलं की जे घर इमारत म्हणून सिंगल फॅमिली होतं ते डुप्लेक्स होतं, आणि मग टार केसचा जो आधार होता तोच पाय आपण स्वतः कापला. त्यात एचओएच्या आर्किटेक्चरल कमिटीची परवानगी नाही, शहरात असाल तर परमिट नाही. बिल्डरनेच दिलेला मल्टीजेन सूट (एकत्र कुटुंबासाठी घरातलाच वेगळा भाग) असेल, छोटं किचनेट वगैरे, तर ते ठीक, पण तो सूट वेगळा भाड्याने देता येतो असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरा फ्रिज लागणारच, तो गॅरेजमध्ये ठेवा, त्याला कोणी काही म्हणत नाही. बेडरूमला कुलपं हवी असतील तर आतून किल्लीशिवाय उघडणारीच लावा. प्रत्येक बेडरूममध्ये स्मोक अलार्म आणि बाहेरच्या दारांना आतून लागणारा बिनकिल्लीचा बोल्ट हे टेक्सासमध्ये घरमालकाचं कामच आहे, आणि नवा भाडेकरू आला की सात दिवसांत कुलपं रीकी करायची, म्हणजे जुनी किल्ली चालणार नाही अशी करून घ्यायची.

माणसं किती? टेक्सास प्रॉपर्टी कोडमध्ये प्रत्येक बेडरूममागे जास्तीत जास्त तीन ॲडल्ट असा आकडा आहे. तो कमाल आहे, तेवढी घालायलाच पाहिजेत असं नाही. उलट बाजूने, फार कमी आकडा ठेवून मुलंबाळं असलेल्यांना टाळता येत नाही, फेडरल फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये १९८८ पासून मुलं असलेल्या कुटुंबांना संरक्षण आहे, आणि बेडरूममागे दोन माणसं हा ढोबळ अंदाज धरतात.

याच कायद्यावरून जाहिरातीचं सांगतो, कारण आपले ग्रुप याने भरलेले असतात. फक्त महाराष्ट्रीयन फॅमिली, ओन्ली इंडियन्स, हिंदू फॅमिली प्रिफर्ड, असलं काही लिहू नका. मंडळाच्या ग्रुपमध्ये टाकलं तरी ती जाहिरातच, आणि राष्ट्रीयत्व, धर्म, वर्ण यावरून पसंती लिहिणं बेकायदा आहे. तुम्ही स्वतः त्याच घरात राहून एक खोली देत असाल तर कायद्यात थोडी सूट आहे, पण जाहिरातीत लिहायची सूट त्यातही नाही. घराबद्दल लिहा, किती बेडरूम, कुठली शाळा, गाड्या किती लागतात.

गाड्यांवरूनच पकडले जातात बहुतेक जण. एचओएचा इन्स्पेक्टर घरात येत नाही, तो गाडीतून चक्कर मारतो. ड्राइव्हवेवर चार, रस्त्यावर दोन, त्यातली एक गवतावर अर्धी चढलेली, बुधवारची कचऱ्याची डबी शुक्रवारपर्यंत कर्बवर कारण वरच्यांना वाटलं खालचे आत घेतील आणि खालच्यांना वाटलं वरचे. नोटीस मग पार्किंगची येते, आणि त्या नोटिशीच्या निमित्ताने कोणीतरी विचारतं, या घरात राहतं तरी कोण. म्हणून लीजमध्येच गाड्यांची संख्या आणि नंबर लिहा, कचरा आणि लॉन कोणाच्या नावावर ते ठरवा.

एचओए काय मागू शकते? २०२१ चा कायदा बदलल्यानंतर राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, आणि लीज कधी सुरू आणि किती मुदतीचं, एवढं मागू शकते. लीज मंजुरीला द्या, भाडेकरूचा क्रेडिट रिपोर्ट द्या, त्याचं ॲप्लिकेशन द्या, हे मागू शकत नाही. मागितलं तर भांडू नका, प्रॉपर्टी कोडचं कलम २०९.०१६ असं एका ओळीत ईमेल करा, बहुतेक वेळा विषय मिटतो. जे मागायचा त्यांना हक्क आहे ते मात्र खरं आणि वेळेवर द्या, चार नावं देऊन आठ माणसं ठेवायची हे शहाणपण नाही. हे सगळं घरांच्या सबडिव्हिजनचं झालं, काँडोला वेगळा कायदा आहे.

बँक आणि इन्शुरन्स लोक विसरतात. ओनर ऑक्युपाइड लोन घेतलं असेल तर साधारणपणे ६० दिवसांत राहायला जाऊन किमान एक वर्ष राहायचं असं सही करून दिलेलं असतं, ते आधी संपू द्या. होमओनर्स पॉलिसी बदलून लँडलॉर्ड पॉलिसी घ्या आणि एजंटला ईमेलवर लिहून सांगा की दोन कुटुंबं राहणार आहेत, फोनवर सांगितलेलं क्लेमच्या वेळी कोणाला आठवत नाही. होमस्टेड एक्झम्प्शन (स्वतःच्या राहत्या घराची टॅक्स सवलत) काढून टाका, नाहीतर मागचा टॅक्स अंगावर येतो.

इतकं करूनही नोटीस आली तर घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. दंड लावण्याआधी किंवा केस करण्याआधी एचओएला लेखी नोटीस पाठवावी लागते, काय चुकलं ते सांगावं लागतं, दुरुस्त करण्यासारखं असेल तर वेळ द्यावा लागतो, आणि नोटीस पोस्ट केल्यापासून ३० दिवसांत तुम्ही बोर्डापुढे हिअरिंग मागू शकता. ते मागाच. हिअरिंगच्या किमान दहा दिवस आधी ते काय पुरावे मांडणार त्याचं पॅकेट तुम्हाला द्यावं लागतं, त्यात बऱ्याचदा रस्त्यावरून काढलेले गाड्यांचे फोटो आणि एका शेजाऱ्याची ईमेल एवढंच असतं. तुम्ही कोणतं कलम मोडलं, त्यातले नेमके शब्द कोणते, एवढाच प्रश्न धरून बसा. मात्र हे पत्र सर्टिफाइड मेलने त्यांच्याकडे असलेल्या पत्त्यावर येतं, तो पत्ता त्या भाड्याच्या घराचाच राहिला असेल तर पत्र वरच्यांच्या किचन ड्रॉवरमध्ये पिझ्झाच्या कूपनांखाली पडून राहतं आणि तुम्ही कोथरूडमध्ये निवांत. म्हणून घर भाड्याने दिलं की त्याच आठवड्यात एचओएला नवा पत्ता लेखी कळवा.

केस झालीच आणि हरलात तर कोर्ट दिवसाला २०० डॉलरपर्यंत भरपाई लावू शकतं, वर त्यांच्या वकिलाची फी. नुसत्या दंडासाठी घर जप्त करून विकता येत नाही, पण असेसमेंट, म्हणजे एचओएची फी, थकवून ते हत्यार त्यांच्या हातात देऊ नका.

भाडेकरू बसले म्हणजे आयुष्यभराची सोय झाली असंही नाही. डिक्लेरेशन बदलायला साधारणपणे एकूण मतांच्या ६७ टक्के लागतात, तुमच्या कागदात कमी टक्के लिहिले असतील तर तेवढेच. भाड्याची घरं वाढली की स्वतः तिथे राहणारे मालक भाड्यावर बंधन आणायचा विषय काढतातच. ॲन्युअल मीटिंगचं बॅलट जंक मेलमध्ये टाकू नका, मत द्या, आणि नवीन कलम येत असेल तर चालू लीज संपेपर्यंत सूट द्या असं लेखी मागा, शेजारचे दोन-तीन घरमालक सोबत असतील तर बोर्ड सहसा ऐकतं.

ज्यांनी अजून घर घेतलेलं नाही, फक्त हाच विचार करून घेताय, त्यांचं काम सगळ्यात सोपं आहे. ऑफरसोबत सबडिव्हिजन इन्फर्मेशन आणि रीसेल सर्टिफिकेट मागा, एचओए त्यासाठी जास्तीत जास्त ३७५ डॉलर घेऊ शकते. इन्स्पेक्शनवाला छपरावर चढलेला असतो तेव्हा तुम्ही त्या पीडीएफमध्ये लीज आणि फॅमिली शोधा. ऑप्शन पिरियड (फी भरून मिळणारी, सौदा सोडायची मुदत) संपायच्या आत नको ते वाक्य सापडलं तर बाहेर पडता येतं, ऑप्शन फी तेवढी जाते.